ओसाका येथील मैफल

संगीताविषयीं आमचीं मतें फार जुनीं आहेत, असा आमच्या घरांत लौकिक आहे; आणि तो खोटा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. आमचा सारा जन्म मिरजेस गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाच्या दिवसांत खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या बैठकी होतात. तेथें लहानपणापासून रात्री जागवून आमचे कान एकदां जे तयार झाले ते झाले; पुढें त्यांत नवें कांहीं शिरूं द्यावें अशी निकड आम्हांस कधीं भासली नाहीं. अशा मनुष्यानें विलायतेच्या 'रॉक' संगीतावर लेखणी उचलावी, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तें वाटतेंच आहे.

गेल्या श्रावणांत माळ्याचें छप्पर गळूं लागलें, म्हणून वरची पत्र्याची पेटी खालीं काढिली. तींत कौमुदीची जीर्ण प्रत आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघाला, व अगदीं तळाशीं, वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेली एक कॅसेट निघाली. आंतल्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत सात गाण्यांचीं नांवें लिहिलेलीं होतीं, आणि प्रत्येकापुढें मिनिटें व सेकंद यांचा हिशेब मांडलेला होता. पाहतांक्षणींच आम्हांस सर्व आठवलें.

इ. स. १९९८ चा जानेवारी महिना होता. आमचा मुलगा त्या वर्षीं शालान्त परीक्षेस बसणार होता, आणि संस्कृतांत त्यास किती गुण मिळतात याकडे सर्व शाळेचें लक्ष होतें. निदान आमची तशी समजूत होती. एके दिवशीं सायंकाळीं आम्ही घरीं येतों तों माडीवर तो व त्याचे दोन मित्र बसलेले, टेपरेकॉर्डर मोठ्यानें चाललेला, आणि हा पुस्तकावर पट्टीनें ताल धरीत आहे! आम्हीं यंत्र बंद करून कॅसेट काढून घेतली. मित्रांदेखत आम्ही त्यास म्हणालों कीं, हा कलकलाट आहे, माणसांचें गाणें नव्हे. आणि ज्यास या दोहोंतला भेद कळत नाहीं त्यानें यापुढें आमच्याबरोबर दर्ग्यांत येऊं नये. त्यानें मान खालीं घालून एवढेंच म्हटलें, "अण्णा, एकदां ऐका तरी." आम्हीं ऐकलें नाहीं.

त्यानें मात्र आमची आज्ञा अक्षरशः पाळली. सहाव्या वर्षापासून आमच्या मांडीवर डोकें ठेवून जो मुलगा पहांटेपर्यंत अर्धवट झोपेंत गाणें ऐकत पडून राही, तो पुन्हां उरुसास आला नाहीं. आम्हीं स्वतःस प्रथम अभ्यासाचें, नंतर कॉलेजचें व शेवटीं नोकरीचें कारण सांगितलें. तो आतां पुण्यास एंजिनियर आहे. दर रविवारीं फोन करितो, रक्तदाब विचारतो, औषधें संपलीं का विचारतो, आणि चार मिनिटांत फोन आमच्या सौ.च्या हातीं जातो.

कॅसेट सांपडली, पण ती वाजविणारें यंत्र कित्येक वर्षें मुकें होतें. बाजारांत दुरुस्तीचें दुकान चालविणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्याकडे तें नेलें. त्यानें उघडून दाखविलें: आंतला रबरी पट्टा डांबरासारखा विरघळून चाकांस चिकटला होता. नवा पट्टा चढवून त्यानें परीक्षेसाठीं आमचीच कॅसेट आंत घातली, आणि चार ठोके ऐकतांच तो आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. "सर, हें तुम्ही ऐकतां?" असें त्यानें ज्या स्वरांत विचारलें, तो स्वर आम्हीं वर्गांत पुष्कळदां वापरलेला होता. पुढची बरीचशी माहिती त्यानेंच दिली. कांहीं आम्हीं मागाहून वाचून मिळविली.

'डीप पर्पल' हा इंग्लंडांतील पांच जणांचा संघ. इयन गिलन हा गाणारा. रिची ब्लॅकमोर गिटार, जॉन लॉर्ड ऑर्गन, रॉजर ग्लोव्हर खर्जाची गिटार व इयन पेस ढोल वाजविणारा. इ. स. १९७२ च्या ऑगस्टांत ही मंडळी जपानांत गेलीं. तारीख १५ व १६ रोजीं ओसाका येथें आणि १७ रोजीं टोकियोच्या बुदोकान सभागृहांत त्यांचे जलसे झाले, व तिन्ही रात्रींचें ध्वनिमुद्रण करण्यांत आलें. तें केवळ जपानपुरतें काढावयाचें असा प्रथम बेत होता. वादकांस स्वतःस त्याची फारशी मातबरी वाटत नव्हती. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तें इंग्लंडांतही 'मेड इन जपान' या नांवानें दोन तबकड्यांवर प्रसिद्ध झालें, व आज त्याची गणना त्या संगीताच्या उत्तम मैफलींत होते. सातांपैकीं पांच गाणीं ओसाका येथील व दोन टोकियोचीं आहेत. मागाहून बंद खोलींत बसून त्यांत कांहीं भर घातली नाहीं, असें वादकांचें म्हणणें आहे. चुकलें तें चुकलें, साधलें तें साधलें.

या शेवटच्या गोष्टीनें आम्हांस थोडें थांबविलें. खांसाहेबांच्या ज्या ध्वनिमुद्रिकांवर आमचा पिंड पोसला, त्यांत एकेक चीज तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपलेली आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस त्याहून फारसें अधिक मावत नसे. तेथें खांसाहेब आहेत, पण बैठक नाहीं. समोर कोणी 'वाहवा' म्हणत नाहीं, कोणी खांकरत नाहीं. बैठक ऐकावयाची ती दर्ग्यांत जाऊन, अशी आमची समजूत. आणि येथें तर उण्यापुऱ्या शहात्तर मिनिटांची बैठक आमच्या पेटींत पंचांगांखालीं पडून होती.

पहिलें गाणें मोटारीच्या वेगाविषयीं आहे, व तें आम्हांस मुळींच आवडलें नाहीं. सौ. स्वयंपाकघरांतून विचारत्या झाल्या, "शेजारीं गिरणी घातली का कोणी?" आम्हीं आवाज उतरविला, तो पुढें दुसऱ्या गाण्यांत पुन्हां चढविला, कारण तें फारच हळू सुरू होतें. नांव 'चाइल्ड इन टाइम', लांबी बारा मिनिटें. त्यांतील ऑर्गनचे आरंभींचे सूर अमेरिकेंतील एका संघाच्या 'बॉम्बे कॉलिंग' नांवाच्या वाद्यरचनेवरून उचललेले आहेत, हें कळल्यावर आम्हांस मौज वाटली. आपली मुंबई कोठें कोठें जाऊन पोंचते! गिलन प्रथम दबल्या आवाजांत गातो, मग शब्द टाकून केवळ आकार धरतो, आणि तोच स्वर पायरीपायरीनें चढवीत इतका वर नेतो कीं ऐकणाराचाच श्वास कोंडावा. आमच्या गायकीच्या कसोटीस ही किंकाळीच. पण ती सुरांत आहे, आणि तिच्या आधीं जी शांतता आहे तिच्यांतून ती उगवली आहे.

ती शांतता श्रोत्यांची आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रयोगाची सिद्धि प्रेक्षकांवरून ओळखावी असें सांगून तिचे दोन प्रकार मानिले आहेत. हंसणें, साधु साधु म्हणणें, अंगावर रोमांच उभे राहणें, आसनावरून उठणें, ही मानुषी सिद्धि. आणि प्रेक्षागृह भरलेलें असूनही जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, ती दैवी. हा भाग आम्हीं पाठशाळेंत घोकला व पुढें कित्येक मुलांस समजावून दिला. त्याचें उदाहरण ओसाका येथील तरुण पोरांनीं पुरवावें, हें विधिलिखित आमच्या पत्रिकेंत कोठें होतें कोण जाणे.

तिसरें गाणें आमच्या विद्यार्थ्याचें आवडतें. ४ डिसेंबर १९७१ रोजीं स्वित्झर्लंडांत माँत्रो गांवीं सरोवराकांठच्या कॅसिनोंत दुसऱ्या एका संघाचा जलसा चालू असतां कोणी शोभेचा बार उडविला आणि सबंध इमारत जळाली. त्याच जागीं ध्वनिमुद्रण करावयास हीं मंडळी आलीं होतीं. पाण्यावर पसरलेला तो धूर त्यांनीं पाहिला व त्यावर गाणें रचिलें. म्हणजे हा एक पोवाडाच झाला, शाहिरानें डोळ्यांनीं पाहून केलेला. त्याच्या आरंभींची गत आम्हीं पेटीवर काढून पाहिली: षड्ज, कोमल गांधार, मध्यम, आणि मध्येंच तीव्र मध्यमाचा ओझरता स्पर्श, एवढींच सामग्री. गिटारीवर प्रत्येक स्वराच्या जोडीस षड्ज-मध्यमाच्या अंतरानें दुसरा स्वर छेडलेला आहे, त्यामुळें ती गत इतकी भरदार लागते.

परंतु आम्हांस खरोखर पकडलें तें पांचव्या गाण्यानें. तें 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' नांवाचें एक सामान्य प्रेमगीत आहे; त्याचा अर्थ लक्षांत न ठेवला तरी चालेल. मध्यावर आल्यावर बाकीचे वादक जरा मागें सरतात आणि गवई व गिटारवाला यांचे सवालजबाब सुरू होतात. एकानें तारेवर लकेर काढावी, दुसऱ्यानें ती गळ्यानें जशीच्या तशी फिरवावी. मग ती अधिक अवघड करावी, मध्येंच तोडावी, चिडवावें, हुलकावणी द्यावी. श्रोते हंसतात, टाळ्या देतात. तबलजी व सतारिये यांचे असे डाव आम्हीं शेंकड्यांनीं ऐकले आहेत, आणि त्यांत कोण खरें ऐकतो आहे व कोण आपलेंच घोडें दामटतो आहे, हें आम्हांस तात्काळ कळतें असा आमचा अभिमान आहे. हे दोघे ऐकत होते. गिलन तर ऐकल्यावांचून एक सूरही पुढें टाकीत नव्हता.

त्याच दोघांचें बैठकीबाहेर पटत नसे, ही माहिती आम्हांस दुसऱ्या दिवशीं मिळाली. तेढ इतकी वाढली कीं गिलन संघ सोडून गेला, व त्याचा त्या वेळचा शेवटचा कार्यक्रम जून १९७३ मध्यें याच ओसाका शहरांत झाला. पुढें इ. स. १९८४ मध्यें पांचही पुन्हां एकत्र आले, पण मध्यें अकरा वर्षें गेलीं. हें वाचून आम्हीं तें गाणें पुन्हां लाविलें, आणि सौ. बाहेर येऊन, हातांतलें काम तसेंच ठेवून, शेवटपर्यंत बसल्या.

सर्वच गोड लागलें असें म्हणणें खोटेपणाचें होईल. चौथ्या गाण्यांतील ढोलकरी एकटाच इतका वेळ बडवीत बसतो कीं कोणी तरी त्यास पाणी विचारावें. शेवटचें गाणें वीस मिनिटांचें आहे. त्यांतील आठ आमच्या वांट्यास आलीं, बाकीचीं झोपेनें नेलीं. पण जॉन लॉर्डचा ऑर्गन ही वस्तु मोठी आहे. नाटकमंडळ्यांची पायपेटी आम्हीं पुष्कळ ऐकली. तींत भाता असतो. या हॅमंड ऑर्गनांत भाता नसून लोहचुंबकाजवळ दांतेरी चक्रें फिरतात व त्यांतून स्वर निघतो. लॉर्डनें तो गिटारीच्या ध्वनिवर्धकांतून नेऊन असा खरखरीत केला कीं तो गिटारीशीं बरोबरीनें भांडूं शकावा. हे गृहस्थ इ. स. २०१२ मध्यें वारले.

त्या रविवारीं फोन आला. रक्तदाबाचें उत्तर देऊन आम्ही म्हणालों, "तुझी ती जपानची कॅसेट सांपडली. दोनदां ऐकली. त्यांतले सवालजबाब फार चांगले आहेत. तेव्हांच ऐकावयास पाहिजे होती." पलीकडे इतका वेळ कांहीं ऐकूं येईना कीं फोन तुटला असें वाटलें. मग तो म्हणाला, "अण्णा, ती माझी नव्हतीच. मित्राची होती. त्याला दुसरी करून द्यायला मला चार महिने लागले."

"मग तेव्हां सांगितलें कां नाहींस?"

"तुम्ही विचारलें नव्हतें."

पुढें आम्ही बराच वेळ बोललों. काय बोललों तें येथें लिहीत नाहीं. फोन ठेवल्यावर चष्मा लावून कॅसेटमधला कागद पुन्हां पाहिला. चौतीस वर्षें आम्हीं वह्या तपासल्या. नांव झांकलें तरी अक्षरावरून विद्यार्थी ओळखतों अशी आमची शाळेंत ख्याति होती. तें अक्षर आमच्या मुलाचें नव्हे.

दिवाळीस तो येणार आहे. त्याचा तो मित्र आतां कोल्हापुरास असतो. कॅसेट त्यास परत द्यावयाची आहे, पण तत्पूर्वीं एकदां आमच्या माडीवर ऐकावयाचें ठरलें आहे. हीं गाणीं हळू आवाजांत ऐकावयाचीं नसतात असें मुलानें बजाविलें आहे, तेव्हां शेजारच्या वकीलसाहेबांस आधीं सांगून ठेवणें अवश्य आहे.