अल्टरनेट कुठलं घेतलंस?

नागपूरच्या धरमपेठेत झेंडा चौकाजवळ आमच्या शेजारी राहणारे काका सोनेगावच्या हवामान कार्यालयातून निवृत्त झालेले. उड्डाणाआधी वैमानिकांना हवामानाचे कागद करून द्यायचे, यात त्यांची हयात गेली. ते नोकरीला लागले तेव्हा रात्रीची टपालसेवा अजून चालू होती. 1949पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमत, थैल्यांची अदलाबदल करून परत जात. 1973मध्ये ही सेवा थांबली. त्या जागरणांचे किस्से काका रंगवून सांगत. पण माझ्यावरचं त्यांचं ऋण वेगळंच आहे.

कॉलेजात असताना मी फ्लाइट सिम्युलेटर 2004 वर विमानं उडवायचो. घरचे त्याला 'तुझा तो गेम' म्हणत. काकांनी एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "अल्टरनेट कुठलं घेतलंस?" अल्टरनेट म्हणजे ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही, तर जायचा पर्यायी विमानतळ. खोट्या विमानाला अल्टरनेट कशाला, हे त्यांच्या मनातही आलं नाही. गेममध्ये त्या वेळचं खरं हवामान उतरवता येतं म्हटल्यावर तर ते खुर्ची ओढून बसलेच.

जुलैत मुंबईला जायचं, तर नकाशावर पुणं सगळ्यात जवळ. काका आधी त्याच्यावरच काट मारत. "ज्या ढगानं मुंबई बंद पाडली, तो घाट चढायला कितीसा वेळ घेणार? आणि तो वायुसेनेचा तळ. उभं राहायला जागा मिळंल कशावरून?" मग अहमदाबाद, हैदराबाद. लांबचं घेतलं की इंधन वाढतं: मुंबईपर्यंतचं, वर थोडं हाताशी, तिथून अल्टरनेटपर्यंतचं, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, ज्याला हात लावायची वेळ येऊ नये. ए-320 तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन पितं. हिशेब चुकवून चालत नाही. सिम्युलेटरवाल्यांना लँडिंगचं फार कौतुक. मला विचाराल तर खरी मजा अल्टरनेटच्या या एका रकान्यात आहे.

टॅफचा, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजाचा, प्रिंटआउट ते शिसपेन्सिलीनं वाचत. 'टेम्पो', म्हणजे तात्पुरता बदल, दिसलं की गोल. पुढे सोळा ते अठरा, टीएसआरए: गडगडाटासह पाऊस. वेळा ग्रीनिचच्या, म्हणून त्यात साडेपाच मिळवून विचारत, "तू पोचतो केव्हा?"

"दहाला."

"मग हा गडगडाट तुझ्याच वाट्याचा. काहून जातो तिकडे?"

काकू आतून चहा निवल्याचं सांगत राहायच्या.

माझी नोकरी बँकेत. विमानांशी संबंध नाही. पण आमच्या घरी कुणी गंभीरपणे न घेतलेल्या गोष्टीसाठी त्यांनी आपल्या कामाची सगळी शिस्त वापरली. आज सिमब्रीफ हे उड्डाणाचा आराखडा करून देणारं संकेतस्थळ अल्टरनेट आपणच सुचवतं. मी ते पुसतो, टॅफ उघडतो, मग ठरवतो. काका आता मुलीकडे बंगळूरला असतात. फोनवर तब्येतीच्या आधी आजचं अल्टरनेट विचारतात. मी नाव सांगितलं की हरकत ठरलेली. एकाच बाबतीत त्यांना टॅफ लागत नाही: हैदराबादला निघालो असेन तर नागपूर. उन्हाळ्यातलं वादळ असो की पावसाळा, नागपूरच. या पक्षपाताबद्दल मी त्यांना कधी छेडलेलं नाही.