आईचं बीपी कुणी मोजलं?

सप्टेंबर २०२३. अंतरवाली सराटीच्या मांडवात आम्ही पत्रकार दिवसाचे बारा-चौदा तास बसून होतो. २९ ऑगस्टला सुरू झालेलं मनोज जरांगे पाटलांचं उपोषण १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर देशभर पोचलं होतं. डॉक्टरांचं पथक आलं की कॅमेरे पुढं सरकायचे. बीपी किती, शुगर किती, सलाईन घेतली का नाही, सगळं पाच मिनिटांत मोबाईलवरून डेस्कला.

त्याच आठवड्यात माझ्या आईचं बीपी किती होतं, हे मला माहीत नव्हतं.

आई इथंच, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी. फोन केला तर म्हणाली, "चक्कर आली व्हती. सलाईन लावली, आता बरंय. तू तुझं काम कर." सलाईन लावणारा कोण, काय शिकलेला, हे ना तिनं विचारलं ना मी. बाटली लटकली म्हणजे इलाज झाला, असंच आपल्याकडं समजतात. बीपी तर त्यानं मोजलंच नव्हतं.

चार दिवसांनी शेजारच्या आशाताईनं तिला हाताला धरून उपकेंद्रात नेलं. तिथल्या मॅडमनी पट्टा बांधला. वरचा आकडा १९० च्या पुढं. थोडं बसवून परत मोजलं, तरी तेच. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. तेव्हापासून दर महिन्याला आई त्याच मॅडमकडं जाते. गेली नाही तर मॅडमचा फोन येतो, "मावशी, गोळ्या संपल्या असतील ना?"

ही मॅडम म्हणजे कोण? गावात कुणी सिस्टर म्हणतं, कुणी डॉक्टर. पदाचं नाव आहे समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे सीएचओ म्हणतात. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर हे पद आलं. त्याच उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. आपल्या राज्यात कुठं बीएस्सी नर्सिंग झालेली व्यक्ती असते, कुठं बीएएमएस.

अमेरिकेत १९६५ साली लोरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं कोलोरॅडोत असाच विचार केला होता. जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं जास्तीचं शिक्षण दिलेली नर्स लेकरं तपासेल. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' तयार झाली. तिकडं लोक आपली नर्स प्रॅक्टिशनर शोधून निवडतात. आपल्याकडच्या गावात निवडायला आहे काय? एकीकडं बाटली लटकवणारा, दुसरीकडं उपकेंद्र. म्हणून निदान काय बघायचं ते माहीत पाहिजे.

पहिलं, शिक्षण विचारा. त्यात लाज कसली? एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत असावी लागते. खरी शिकलेली बाई या प्रश्नावर चिडत नाही.

दुसरं, ती आधी मोजते का? बीपी, साखर, वजन. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगरची आणि तोंडाच्या, स्तनाच्या, बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी हे या केंद्राचं कामच आहे. यादीप्रमाणं उपकेंद्रात १०५ औषधं आणि १४ चाचण्या मिळायला हव्यात, त्याही फुकट.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, ती "हे माझ्याच्यानं होणार नाही, पुढं जा" असं म्हणते का? आईच्या मॅडमनी स्वतः गोळी दिली नाही, चिठ्ठी दिली. बाटली लटकवणारा असं कधीच म्हणत नाही.

आता माझी चूक सांगतो. २५ ऑक्टोबरला जरांगे पाटलांचं दुसरं उपोषण सुरू झालं. त्याच सुमारास राज्यभरातले राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी कायम करा म्हणून कामबंद आंदोलनावर गेले. आईची मॅडमही त्यात. तीही कंत्राटीच, दरवेळी करार वाढेल का नाही ही धाकधूक. आईच्या गोळ्या संपल्या. मी अंबडच्या मेडिकलमधून विकत आणल्या, पण ज्यांचं लेकरू पुण्या-मुंबईला आहे त्या म्हाताऱ्यांचं काय झालं असेल? त्या संपाची बातमी मी सहा ओळींत उरकली. मांडवातलं बीपी पहिल्या पानावर आणि गावातलं बीपी सहा ओळींत. हा हिशेब मीच लावला होता.

आरक्षणाचा लढा मोठा आहे, त्याबद्दल इथं बोलत नाही. पण मांडव उठतो, ओबी व्हॅन जातात, आणि गावात राहते ती ही एक बाई आणि आशाताई. ती बाई टिकली नाही तर निवडायचं कुणाला?

उपकेंद्राची जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष, सीएचओ सदस्य सचिव. तुमच्या गावात ती शेवटची कधी बसली, हे येत्या ग्रामसभेत विचारा. औषधं किती आली, मशीन चालू आहे का, मॅडमला राहायला खोली आहे का, पद रिकामं असेल तर कधीपासून, हेही विचारा.

आणि मला कळवा. गावाचं नाव, उपकेंद्र आठवड्यात किती दिवस उघडं असतं, तिथं कोण असतं. या वेळी सहा ओळींत उरकणार नाही.