पहाऱ्याचा पहारा

तुम्ही काय करता, असे कुणी विचारले की मी क्षणभर घुटमळतो. घाटकोपरच्या एका सहकारी पतपेढीत मी नोकरीला आहे. मुख्य कचेरी आणि विक्रोळी, भांडुप, मुलुंड या शाखा मिळून आमच्याकडे ४३ संगणक आहेत. त्या प्रत्येकावर अँटीव्हायरसची तपासणी नेमल्या वेळी झाली की नाही, हे पाहणे माझ्याकडे असते. विषाणू मी शोधीत नाही. ते शोधले जातात की नाही, एवढेच शोधतो. घरी हे समजावून सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे दूध उतू जाते का ते पाहायला ज्याला बसवले, त्याला डुलकी लागली का, ते तुम्ही पाहायचे!" यापेक्षा नेमकी व्याख्या मला अद्याप मिळालेली नाही.

पहारा हा आमच्या घराण्यातलाच म्हणायचा. आग्रा रोडवर (आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर) कारखान्यांची रांग होती, तेव्हा त्यांतल्या एकात माझे वडील रात्रपाळीचे पहारेकरी होते. कातडी पिशवीतले एक जाडजूड घड्याळ ते खांद्याला अडकवीत. आवारात ठिकठिकाणी साखळीला बांधलेल्या किल्ल्या असत. फेरीत तिथवर जाऊन किल्ली घड्याळात फिरवली की आतल्या कागदी चकतीवर तिचा आकडा उमटे, आणि सकाळी साहेब ती चकती पाहत. वडील हसून म्हणत, "मी गोदामापाशी गेलो होतो एवढे चकती सांगते. तिथे माझे डोळे उघडे होते की मिटलेले, हे तिला कुठे ठाऊक?"

माझ्या पडद्यावरची हिरवी खूण ही त्या चकतीचीच नात आहे. रोज सकाळी ४३ नावांपुढे त्या खुणा ओळीने दिसतात आणि मन प्रसन्न होते. पण मला हिरवीपेक्षा करड्या रंगाची खूण अधिक प्रामाणिक वाटते. ती निदान 'हे यंत्र कित्येक दिवसांत माझ्याशी बोललेले नाही' असे कबूल करते.

करड्या खुणांमागची कारणेही मोठी माणूसपणाची असतात. भांडुप शाखेत तपासणीची वेळ रात्री नऊची होती आणि तिथले शिपाई मामा संध्याकाळी सातला मेन स्विच बंद करून जात. २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांनी पाण्यात बुडालेली विजेची पेटी पाहिलेली. त्यांना कोण दोष देणार? मुख्य कचेरीत माझ्या आधीच्या गृहस्थांनी शनिवार दुपार नेमली होती. पुढे सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद राहू लागल्या, आमच्या पतपेढीनेही तोच पाठ गिरवला, आणि महिन्यातल्या निम्म्या तपासण्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना बुडाल्या.

या विद्येचा इतिहासही गमतीचा आहे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता, टेलिफोन नंबरसुद्धा घातला! चोराने जाताना दारावर आपली पाटी लावावी, तसे. पुढे पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी 'क्विक हील' उभे केले. रोग काय, औषध काय, भावाभावांचाच हा उद्योग दिसतो.

पण मला खरी धास्ती वाटली ती एका हिरव्या खुणेची. मुलुंड शाखेतल्या एका संगणकाची पूर्ण तपासणी चार मिनिटांत उरके. शेजारच्या तसल्याच यंत्राला दीड तास लागे. माणूस चार मिनिटांत जेवून उठला तर आपण विचारतो, पोटात काही गेले का? मी लोकल धरून मुलुंडला गेलो. विषाणूविरोधकाची परीक्षा घेण्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती अगदी निरुपद्रवी. पण ती दिसताच ओरडायचे, असा सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांचा संकेत आहे. ती ओळ मी डेस्कटॉपवर ठेवली. तत्काळ लाल चौकट आली. मग 'डी' ड्राइव्हवर ठेवली. काही नाही. पहारेकरी तिच्या अंगावरून शांतपणे निघून गेला.

वगळायच्या जागांची यादी उघडली. हिशेबाचा प्रोग्राम मंद चालतो म्हणून कुणा अभियंत्याने एका फाइलीऐवजी सबंध 'डी' ड्राइव्हच तिथे लिहून ठेवला होता. आणि पिग्मी एजंटांच्या हातातल्या यंत्रांमधली दिवसाची वसुली उतरवून घ्यायची जागा नेमकी तीच. बाहेरचे जे काही आत येई, ते त्याच दाराने.

त्या क्षणी मला आठवला तो कॉसमॉस बँकेचा ऑगस्ट २०१८. ११ तारखेला, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, तिच्या एटीएम व्यवस्थेत घुसलेल्यांनी बनावट कार्डांवर देशोदेशी पैसे काढले. सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकंदर ९४ कोटींहून अधिक. नुसत्या अँटीव्हायरसने ते टळले असते, असे मी म्हणणार नाही. पण कॉसमॉस ही मोठी बँक, तिने तो घाव सोसला. बँकेतल्या ठेवीला विम्याचे कवच असते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा पाच लाख झाली. पतपेढीला ते कवच नाही. आमच्याकडे रोजचे पन्नास रुपये टाकणारी भाजीवाली आहे, चार घरची धुणीभांडी करून मुलीच्या लग्नासाठी साठवणारी बाई आहे. त्यांच्या पासबुकातला आकडा हीच त्यांची सारी इस्टेट.

खिडकीवरच्या बाईंना मी हे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तपासणी सुरू झाली की पासबुक छापायला दोन-दोन मिनिटे लागतात. बाहेर रांग असते. त्या रांगेत तुमची भाजीवालीही असते."

याला उत्तर नव्हते. मी यादीतून 'डी' ड्राइव्ह काढला, हिशेबाची ती एक फाइल तेवढी ठेवली, आणि तपासणीची वेळ खिडकी बंद झाल्यानंतरची, साडेतीनची केली. मग ती ६८ अक्षरे पुन्हा त्याच जागी ठेवली. लाल चौकट उमटली, भोंगा वाजला, आणि बाई दचकून म्हणाल्या, "अगंबाई, आता काय झाले?"