नाम पृथक

नागपूरच्या मामाकडे ओट्याखाली एक पाट असायचा. जेवायला बसायचा नव्हे. त्यावर उभं राहिलं की बेबीचा हात नळापर्यंत पुरायचा. सतत पाणी मुरून पाटाच्या मधोमध दोन काळपट डाग पडले होते. एका मे महिन्याच्या सुट्टीत कोणी नाही असं पाहून मी त्यावर उभी राहिले. माझी पावलं त्या डागांवर नेमकी बसली.

बेबी आमच्याच, मध्य प्रदेशातल्या मोहगावची. अर्धनारीश्वराच्या देवळात एका पायरीवर बसून आम्ही चिंचा खाल्लेल्या. तिची माय आमच्या संत्र्याच्या बगीच्यात निंदायला यायची. आजीनेच बेबीला सौंसरला छोट्या लाइनच्या गाडीत बसवलं नि नागपूरच्या इतवारी स्टेशनवर उतरवलं. "तुमच्यात राह्यली तं पोटभर खाईन तरी, माय," असं तिची माय म्हणाली होती. आमच्या घराने ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं सांभाळून ठेवलं. कोणी काही विचारलं की तेच पुढे करायचं. नाव बेबी नव्हतंच. मामेबहिणीचं आणि तिचं नाव एकच निघालं, म्हणून मामीने पहिल्याच संध्याकाळी तिचं बदलून टाकलं.

"आमच्या मुलीसारखीच आहे हो," मामी आल्यागेल्याला सांगायची. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. तेलफणी होती, सणाला गोडधोड होतं, माझे जुने फ्रॉक होते. शाळा तेवढी नव्हती. सकाळी मामेबहिणीची वेणी घालायची, डबा भरायचा, दप्तर उचलून फाटकापर्यंत जायचं आणि तिथून मागे फिरायचं. ती पोळ्या लाटायची, मी गरम गरम खायची. आणखी एक मागताना मला काही वाटल्याचं आठवत नाही. ते न वाटणंच आता जास्त टोचतं.

पोळ्याच्या करीला नागपुरात तान्हा पोळा. घरातल्या पोरांचा लाकडी बैल बेबी तेल लावून चकचकीत करायची, आणि दोर मात्र पोरांच्या हातात. त्याच दिवशी आमच्याकडे पांढुर्ण्याला जाम नदीत गोटमार होते. पांढुर्ण्याच्या पोराने सावरगावची मुलगी पळवली, अशी त्यामागची दंतकथा. नदीपार नेलेल्या त्या एका मुलीपायी दोन्ही काठांवरून अजून दगड चालतात, डोकी फुटतात. गाडीत बसवून वरकामाला नेलेल्या पोरींसाठी कोणी खडाही उचलला नाही.

कायद्यालाही त्या उशिराच दिसल्या. 1986 च्या बालकामगार कायद्यात विडी होती, गालिचे होते, काडेपेटी होती, स्वयंपाकघर नव्हतं. ते आलं 10 ऑक्टोबर 2006 ला. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळीच कामं बंद झाली. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत मात्र चालते, आणि त्या 'घरच्यां'त मामा, मावशी, काका, आत्याही आहेत. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, चांगलं नव्हे. बेबी आमच्या मामीला मामीच म्हणायची.

बालहक्कांसाठी काम करणाऱ्या शांता सिन्हांना 2003 साली मॅगसेसे मिळालं. त्यांची व्याख्या मला सगळ्या कलमांपेक्षा सरळ वाटते: शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालकामगार. त्यात पगार किती, मारतात का, जेवू घालतात का, हे प्रश्नच उरत नाहीत. मामीचं 'मुलीसारखी' त्या एका ओळीपुढे उभं राहत नाही. आजीचंही नाही. माझंही.

काही वर्षांपूर्वी माझा जुना दाखला काढायला मी गावच्या शाळेत गेले. दाखल-खारिजचं वाळवी लागलेलं रजिस्टर सरांनी टेबलावर उघडलं. माझ्या नावाखाली दोन ओळी सोडून तिचं नाव होतं. खरं नाव, बापाच्या नावासकट. शिकवणं मराठीत आणि कारभार हिंदीत, ही आमच्याकडची रीत. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'सतत अनुपस्थित, नाम पृथक', म्हणजे पटावरून नाव कमी. ती तेव्हा कुठे होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बेबी वयात आल्यावर परत आली. इथेच लग्न झालं, आता ती दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडायला जाते. तिची मुलगी दहा वर्षांची असताना नागपूरहून कोणीतरी 'चांगल्या घरी' वरकामाला पोरगी मागायला आलं होतं. ही उंबऱ्यातूनच म्हणाली, "ते शाळेत हाये." चहाही विचारला नाही. हे तिनेच मला सांगितलं, संत्रं सोलता सोलता. मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची ठरवते, आणि समोर आली की तोंडात बेबीच येतं.

तुमच्या ओळखीच्या घरात दहा-बारा वर्षांची पोरगी पाण्याचा ट्रे घेऊन आली, तर ग्लास उचलण्याआधी तिला शाळेचं नाव विचारा, वर्गशिक्षिकेचं विचारा. सांगता आलं नाही तर मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन करा. पैसे पडत नाहीत.