निरोप पोचला का?



उडदावरची भुरी कशी आवरावी, बियाण्याला काय चोळावे, हे मी आपल्याला आजवर पुष्कळ सांगितले. आज विषय निराळा आहे. धंदा चार जणांनी मिळून करायचा तर आपसात बोलावे कसे आणि बाहेरच्याला कळवावे कसे? आपण म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाला ही उठाठेव कशाला? पण तीस वर्षांच्या नोकरीत रोगाने गेलेली पिके मी जितकी पाहिली, तितकेच न बोलण्याने मोडलेले गटही पाहिले.

त्यासाठी आपल्याला जरा मुंबईला, गिरगावात नेतो. तेथे लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. तेच पुढे ‘लिज्जत’ झाले. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज संस्थेत हजारो बहिणी काम करतात.

आता पापड तर आपल्या घरीही होतात. मग त्यांचे चालले कसे?

एक तर, आतला निरोप रोजच्या रोज पोचतो. शाखेत पीठ मळून तयार असते. बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. तेथेच वजन, तेथेच तपासणी, तेथेच मजुरी. पापड जाड झाला किंवा ओला राहिला, तर जिचा आहे तिला तोंडावर कळते, महिन्याने तिसऱ्याच्या तोंडून नव्हे. निर्णय एकमताने घ्यायचा आणि एकीचाही विरोध असला तर थांबायचे, अशी रीत आहे. नफा साऱ्यांचा, तोटाही साऱ्यांचा. हिशेब पक्क्या धंद्यासारखा ठेवा, हे छगनलालजींनी पहिल्यापासून बजावले होते.

दुसरे, बाहेरचा निरोप. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनलालजींनी सल्ला दिला की, प्रत एकच ठेवा आणि ती उत्तम ठेवा. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, पण ती एकदाच खपते. पाकिटावरचे नाव गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो, आणि रोज तीच चव निघाली तरच तो खरा ठरतो.

आता आपल्याकडची गोष्ट. माझ्या भागातल्या एका गावात तेरा बायांचा बचत गट होता. उन्हाळ्यात कुरडया, शेवया, पापड करीत. दादरच्या एका दुकानदाराने दोन वर्षे माल घेतला. तिसऱ्या वर्षी त्याने फोन केला: अर्ध्या किलोचे पाकीट नको, पाव किलोचे करा, वर तारीख घाला. फोन घेतला हिशेब ठेवणाऱ्या बाईंच्या मुलाने. आईला त्याने सांगितले ते एवढेच, “मुंबईवाले माल पाठवा म्हणाले.” माल गेला तसा परत आला.

गाडीभाड्याचा तोटा सोसता आला असता. पण कुजबुज सुरू झाली. माल खरेच परत आला, की थोडा विकून पैसे दडवले? मी जाऊन वही पाहिली. पै न पै जुळत होती. पण ती वही एका घराच्या फडताळात होती आणि बैठकीत ती कधी मोठ्याने वाचलीच गेली नव्हती. गट मोडला. त्यातल्या दोन जावा आजही एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लावीत नाहीत. चोरी कोणी केली नव्हती, दोन्ही वेळा निरोपच तेवढा अडला होता.

म्हणून चार गोष्टी सांगतो. आपला बचत गट असो, दूध सोसायटी असो की शेतकरी उत्पादक कंपनी, त्या सगळीकडे लागू आहेत.

बाहेरून आलेली मागणी ऐकताच वहीत लिहा आणि समोरच्याला परत वाचून दाखवा: माल किती, पाकीट केवढे, भाव काय, तारीख कोणती. मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे निरोप समजला असे होत नाही.

व्यापाऱ्याशी बोलायला माणूस एकच नेमा, पण बोलणे दोघांना ठाऊक असू द्या. एक आजारी पडला तर धंदा आजारी पडू नये.

माल उशिरा निघणार असेल, पावसाने भिजला असेल, तर गाडी निघण्याआधीच कळवा. वाईट बातमी आपल्या तोंडून लवकर गेली तर व्यापारी एकदा रागावेल, पण पुढच्या वर्षी आपलाच माल मागेल.

आणि दर महिन्याला हिशेब सर्वांसमोर मोठ्याने वाचा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना पुढे बसवा. शंका विचारणाऱ्या बाईला भांडखोर म्हणू नका, कारण तीच गट जागा ठेवते.

या पंधरवड्यात आपल्या गटाची बैठक असेलच. वही फडताळातून काढा आणि पहिल्या पानापासून वाचायला घ्या.