अब्बांचं हसू

चुलत्यांच्या मय्यतीला अब्बा हसले. जनाजा उचलायची वेळ, आत बायकांचं रडणं, आणि अब्बा मोठमोठ्यानं हसत होते. आम्ही भावंडांनी त्यांना धरून अंगणात आणलं. तिथं तेच हसू रडण्यात बदललं. नातेवाइकांनी नजरा फिरवल्या. ‘डोक्यावर परिणाम झालाय,’ असं कुणीतरी म्हणालंही.

त्याआधी काही महिन्यांपासून त्यांची जीभ जड झाली होती. अब्बांनी ३० वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणणाऱ्या पोराला ते पुन्हा उभं करून वाचायला लावत. आता त्यांचाच ‘ळ’ गेला, मग ‘र’ गेला. निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज. आम्ही हार मानली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आरशासमोर जिभेचे व्यायाम, गालांत हवा भरणं, मोठ्यानं वाचन. अब्बा थकून मान हलवत, आम्ही म्हणत असू, ‘अजून एकदा.’

मग पुण्यात एक स्पीच थेरपिस्ट भेटल्या. त्यांनी कागदावर दोन रेघा काढल्या आणि माकडांपासून सुरुवात केली. अम्मीच्या कपाळावर आठी आली. बाई हसून म्हणाल्या, “आपा, तुलना नाही करत. मेंदू समजावतेय.”

माकडाला हाक मारता येते, ओरडता येतं. तो आवाज मेंदूच्या खोल, जुन्या भागातून घशाकडे येतो. बाळाचं रडणं आणि आपलं हसणंही मुख्यतः त्याच वाटेनं येतं. माणसात आणखी एक वाट आहे. मेंदूच्या वरच्या थरातून ती थेट स्वरयंत्र चालवणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. माकडांत ही थेट वाट जवळजवळ नाहीच. २०१६ साली शास्त्रज्ञांनी माकडांच्या घशाची क्ष-किरण चित्रफीत तपासली. स्वर काढण्याजोगी त्यांच्या घशाची ठेवण आहे, असं त्यात दिसलं. उणीव घशात नसून त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूत आहे.

अब्बांच्या आजारात हुकूम देणाऱ्या वरच्या पेशीही मरतात आणि तो स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या खालच्याही. पेशीच मरत असतील तर जिभेला कसरत करायला लावून ती परत येत नाही, उलट थकते. हसण्या-रडण्याची जुनी वाट मात्र उरते आणि तिच्यावरचा वरच्या थराचा लगाम सुटतो. मय्यतीला अब्बांना हसू आलं, पण दुःख त्यांना आमच्याइतकंच होतं.

हे ऐकून अम्मी रडली. आम्ही गप्प बसलो. इतके महिने आम्ही अब्बांना विनाकारण दमवत होतो.

घरी आल्यावर व्यायाम बंद केले. महत्त्वाचं बोलणं सकाळी, छोट्या वाक्यांत, मध्ये विसावा घेत. हसू अनावर झालं तर कुणी टोकायचं नाही, विषय बदलायचा. पाहुण्यांना दारातच सांगायचं. त्यावर औषधंही असतात, डॉक्टरांनी ती सुरू केली. पुढं हात आणि जीभ दोन्ही थांबली. या आजारात डोळे हलवणाऱ्या पेशी बहुधा खूप उशिरापर्यंत टिकतात. म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकवर अक्षरं लिहिली. आम्ही समोर तो तक्ता धरतो, अब्बा अक्षराकडे बघतात.

अमेरिकेत २०२२ साली याच आजाराच्या एका रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्-अग्रं बसवण्यात आली. बोलण्याच्या नुसत्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्द संगणकानं ओळखले. म्हणजे वाट तुटली तरी बोलणं आत शिल्लक असतं. ते यंत्र आमच्या घरी यायला वेळ लागेल. तोवर आमचा तक्ता आहे.

पहिल्या दिवशी अब्बा ‘ह’च्या पुढच्या कोऱ्या जागेकडे पुन्हा पुन्हा बघत राहिले. आम्हाला कळेना. अम्मीच्या लक्षात आलं, “अरे, ‘ळ’ लिहायचा राहिला!” आम्ही तो लिहिला. अब्बा हसले, आम्हीही हसलो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. जीभ जड व्हायला लागली तेव्हाच त्यांचा आवाज फोनवर साठवून ठेवायला हवा होता. तशा आवाजावरून आता संगणकाला बोलतं करता येतं. तुमच्या घरी कुणाला हे निदान झालं असेल, तर आजच ते काम करा. मुलांची नावं, सलाम, रोजची बोलणी, जमेल तेवढं. आम्ही ते दिवस आरशासमोर घालवले.