गुलाबी थंडीत झाशीला चला

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमध्ये राहून मला पंधरा वर्षं झाली. पार्सल मागवताना, रिक्षावाल्याला सांगताना रोज हे नाव तोंडात असतं. पण जिचं नाव घेते, तिच्या गावी मात्र मी कधी गेले नव्हते. तुमचंही असंच होतं का? घराजवळच्या चौकाचं, शाळेचं नाव आपण हजार वेळा घेतो आणि ते माणूस कोण होतं, हे विसरून जातो.

येत्या वर्षी बाबा निवृत्त होणार, म्हणजे सरकारी क्वार्टर सोडावं लागणार. कपाटं आवरता आवरता आई एक दिवस म्हणाली, "हे घर सोडायच्या आधी एकदा झाशी बघून येऊ या गं." नोव्हेंबर नुकताच लागला होता. मी लगेच तिकिटं काढली.

कधी आणि कसे जाल?

झाशी बुंदेलखंडात आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि किल्ल्याच्या दगडांवर पाय ठेववत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर मात्र पहाटे शाल लागते आणि दुपारचं ऊन हवंहवंसं वाटतं. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून सकाळी सुटणारी गतिमान एक्स्प्रेस साधारण साडेचार तासांत पोहोचवते. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेस झाशीवरूनच जातात. तिकीट काढताना स्टेशनचं नवं नाव लक्षात ठेवा : वीरांगना लक्ष्मीबाई झाशी.

१९ नोव्हेंबरला राणीची जयंती असते. उत्सव पाहायचा असेल तर त्या दिवशी जा, निवांत फिरायचं असेल तर थोडं आधी. आम्ही आधी गेलो.

किल्ल्यातला मराठी हात

हा किल्ला ओरछाचा राजा वीरसिंह देव याने १६१३ मध्ये बांधला. पुढे झाशी मराठ्यांकडे आली आणि सुभेदार नारोशंकर यांनी किल्ला वाढवला. नाव ओळखीचं वाटलं ना? नाशिकच्या पंचवटीतलं, मोठ्या घंटेचं देऊळ बांधणारे ते हेच.

प्रवेशाजवळच 'कडक बिजली' तोफ आहे. आत तोफची गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. १८५८ च्या वेढ्यात हे तिघे राणीसाठी लढता लढता गेले. पुढे एका उंच तटाजवळ पाटी आहे. राणीने दत्तक मुलाला पाठीशी बांधून इथूनच घोड्यासह उडी घेतली, असं सांगतात. आईने खाली वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पोर पाच-दहा वर्षांचं. किती घाबरलं असेल."

पायऱ्या बऱ्याच आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर सकाळीच जा आणि पाणी जवळ ठेवा.

जिथे मणिकर्णिका लक्ष्मीबाई झाली

किल्ल्यापासून जवळच महाराष्ट्र गणेश मंदिर आहे. मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका हिचं १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी इथेच लग्न लागलं आणि तिचं नाव लक्ष्मीबाई झालं. मंदिर साधं आहे. आम्ही आपसात बोलत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठून आलात तुम्ही?" मराठी शुद्ध, पण हेल बुंदेली. त्यांच्या कित्येक पिढ्या झाशीतच गेल्या. महाराष्ट्रात त्या दोनदाच आल्या होत्या. मी विचारलं, "मग तुमचं गाव कोणतं?" त्या हसून म्हणाल्या, "हेच की."

राणी महाल पाहताना

आता शहराच्या गर्दीतला राणी महाल. खाली जुनी शिल्पं मांडली आहेत, वर दरबाराच्या छतावर रंगीत फुलं-पानं. इथे थोडं थांबा आणि तारखा आठवा. १८५१ मध्ये राणीला मुलगा झाला, काही महिन्यांतच तो गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात, याच थंडीच्या दिवसांत, गंगाधरराव गेले. आदल्या दिवशी घेतलेलं दत्तक इंग्रजांनी नाकारलं, १८५४ मध्ये संस्थान खालसा केलं आणि तिला किल्ल्यातलं घर सोडून या महालात राहायला यावं लागलं.

शाळेत आपण तिची तलवार शिकलो. तिचं घर गेलं होतं, हे मला त्या खोलीत उभी राहिल्यावर जाणवलं. आमचं क्वार्टर जाणार म्हणून मी महिनाभर कुरकुरत होते. दोन्हींची तुलना होऊच शकत नाही, आमचं तर ठरलेल्या नियमाने जातंय. पण आई खिडकीशी बराच वेळ उभी होती आणि मी तिला घाई केली नाही.

हे चुकवू नका

लक्ष्मी तलावाजवळ राणीने बांधलेली गंगाधररावांची छत्री संध्याकाळी पाहा. बाजारात ताजे शिंगाडे आणि तिळाची गजक मिळते, घरी नक्की न्या. एक दिवस हाताशी असेल तर बेतवाकाठचं ओरछा जवळच आहे.

निघण्याआधी एक पुस्तक वाचा : विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेत गेले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच अडकले. लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेचं पाणी कावडीने घरी घेऊन आले. १९०७ मध्ये छापलेलं हे पुस्तक वाचून गेलात, तर झाशीच्या गल्ल्या वेगळ्याच दिसतील.

परतीच्या गाडीत आईने गजकेचा पुडा उघडला. म्हणाली, "नवीन घरात सामान लावून झालं की या आजींना फोन करू." नंबर तिने कधी घेतला, मला कळलंच नव्हतं.

या हिवाळ्यात दोन दिवस काढा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन झाशीला जाऊन या. तिथे मराठीत बोला, कुणीतरी नक्की वळून पाहील.